तडकलेलं भिंग, विसरलेलं नाव

एफवायला असताना पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षेआधी मला मलेरिया झाला होता. मुंबईत पावसाळ्यात यात काही नवल नाही. त्या महिन्यात आमच्या वर्गातले आणखी तिघं आडवे झाले होते. संध्याकाळी थंडी वाजून ताप भरायचा, दोन चादरींवर आईची गोधडी घेऊनही दात वाजायचे, आणि मग घाम फुटून अंग एकदम हलकं व्हायचं. घराजवळच्या लॅबमधल्या ताईंनी बोट टोचलं, काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरला, तो रंगवला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. संध्याकाळी रिपोर्ट आला, व्हायवॅक्स. गोळ्या सुरू झाल्या, परीक्षाही दिली, विषय संपला.

तो विषय पुन्हा निघाला मागच्या मे महिन्यात, हैदराबादला. माझी मावशी सिकंदराबादला राहते. बेगमपेटवरून जाताना रिक्षात तिने सहज हात करून सांगितलं, की मलेरियाचा आणि डासांचा संबंध ज्याने शोधून काढला तो डॉक्टर इथेच काम करायचा. आधी वाटलं, असेल एखादी ऐकीव गोष्ट. घरी येऊन वाचायला घेतलं, आणि त्या सुट्टीत दुसरं काही वाचलंच नाही.

बेगमपेट हा भाग जुन्या शास्त्रीय उपकरणांच्या दृष्टीने मोठा भाग्यवान. नवाब जफर जंग नावाच्या हौशी सरदाराने 1901 साली इंग्लंडहून एक मोठी दुर्बीण आणली. 1907 मध्ये तो वारला, मग निजाम सरकारने त्याची वेधशाळा आपल्याकडे घेऊन बेगमपेटला आणली. हीच निजामिया वेधशाळा. तिथल्या फोटो काढणाऱ्या दुर्बिणीने आकाशाचा एक पट्टा टिपून ताऱ्यांच्या जागा मोजल्या. जगभरातल्या वेधशाळांनी मिळून आकाशाचा नकाशा करायला घेतला होता, त्यातला हा हैदराबादचा वाटा. 1919 मध्ये ही वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाकडे आली. पुढे आपले मराठी खगोलशास्त्रज्ञ कृ. दा. अभ्यंकर यांनी तिचं संचालकपद सांभाळलं. आणि याच बेगमपेटमध्ये उस्मानिया विद्यापीठाकडे आणखी एक वास्तू आहे, सर रोनाल्ड रॉस याच्या नावाची. एकीकडे लाखो मैल लांबचं पाहणारी दुर्बीण, दुसरीकडे डासाच्या पोटात पाहणाऱ्या मायक्रोस्कोपची आठवण. मला ओढलं ते दुसरीने, कारण माझं रक्त मायक्रोस्कोपखाली जाऊन आलं होतं. आणि दुसरं कारण असं, की रॉसला खरं तर डॉक्टर व्हायचंच नव्हतं. त्याला कवी व्हायचं होतं!

रोनाल्ड रॉसचा जन्म 13 मे 1857 चा, कुमाऊंच्या डोंगरातल्या अल्मोड्याचा. तीनच दिवस आधी मेरठच्या छावणीत उठावाची ठिणगी पडली होती. वडील ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी फौजेत अधिकारी, पुढे जनरल झाले. दहा भावंडांत रोनाल्ड थोरला. आठव्या वर्षी त्याला शिक्षणासाठी इंग्लंडला नातेवाइकांकडे पाठवून दिलं. आपल्या मुलांना असं लांब पाठवायचं ही त्या काळच्या साहेबांच्या घरातली रीतच होती. मुलगा चित्रं काढायचा, कविता करायचा, गाण्यांना चाली लावायचा, गणितात रमायचा. वडिलांनी मात्र ठरवून टाकलं होतं, की याने डॉक्टर होऊन इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये जायचं. (आर्ट्सला आलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल.) लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज हॉस्पिटलच्या कॉलेजात तो दाखल झाला खरा, पण वेळ गेला तो नाटकं आणि कविता लिहिण्यात. एक परीक्षा नापास झाला, काही दिवस अटलांटिकवरच्या बोटींवर डॉक्टरकी केली, आणि अखेर 1881 मध्ये नोकरी मिळवून हिंदुस्थानात परतला.

पहिली काही वर्षं त्याने नोकरीपेक्षा वाचन-लेखनच जास्त केलं. मद्रास, बंगळूर, ब्रह्मदेश, अंदमान अशा बदल्या होत राहिल्या. 1889 मध्ये ‘द चाइल्ड ऑफ ओशन’ ही त्याची कादंबरी आली आणि त्याच वर्षी रोझा ब्लॉक्सम हिच्याशी लग्न झालं. पण एक छोटी गोष्ट त्याच्या मनात आधीच राहून गेली होती. 1883 मध्ये बंगळूरला त्याच्या बंगल्यात डासांचा फार उपद्रव होता. खिडकीबाहेरच्या पिंपातल्या पाण्यात अळ्या वळवळताना त्याला दिसल्या. पिंप रिकामं केलं, डास कमी झाले. एवढंच. डासांचा तापाशी काही संबंध असेल हे तेव्हा त्याच्या डोक्यातही नव्हतं.

त्या काळी हिवताप घाणेरड्या हवेतून होतो अशी समजूत होती. ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी वाईट हवा. 1880 मध्ये अल्जीरियात लाव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टरला तापकऱ्यांच्या रक्तात एक सूक्ष्म जीव दिसला. रॉसने हिंदुस्थानात तोच शोधायचा प्रयत्न केला. सापडला नाही म्हणून असा जीव नसतोच असंही म्हणून मोकळा झाला. 1894 मध्ये तो रजेवर लंडनला गेला तेव्हा पॅट्रिक मॅन्सन या ज्येष्ठ डॉक्टरने त्याला समोर बसवून मायक्रोस्कोपखाली तो जंतू दाखवला. मॅन्सनचा एक तर्क होता: हा जंतू माणसाच्या रक्तातून डासाच्या पोटात जात असावा. पण पुढे काय होतं हे मॅन्सनलाही नीट सांगता येत नव्हतं. त्याला वाटे, डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला ताप येतो. हे कोणीतरी हिंदुस्थानात राहून तपासायला हवं होतं. सदतीस वर्षांचा, कवी म्हणून फारसं नाव न झालेला रॉस त्या कामाला लागला.

1895 च्या उन्हाळ्यात बोट मुंबईला लागली. सामान कस्टममधून सुटायच्या आतच तो इथल्या सिव्हिल हॉस्पिटलात मलेरियाचे रुग्ण आहेत का हे विचारायला धावला. तिथून सिकंदराबाद, एकोणिसाव्या मद्रास पायदळाचा डॉक्टर म्हणून. इस्पितळ बेगमपेटला.

आता इथे जरा थांबायला हवं, कारण पुढचं सगळं काम दुसऱ्यांच्या अंगावर झालेलं आहे. आधी त्याने मॅन्सनचा तर्क तपासला. ज्या पाण्यात डास मेले होते ते पाणी काही माणसांना प्यायला दिलं. त्यातल्या एकाचं नाव रॉसच्या नोंदींत इंग्रजी अक्षरांत लुचमन असं सापडतं. आपण वाचायचं ते लक्ष्मण किंवा लछमन. निरोगी तरुण माणूस. त्याला थोडा ताप आला आणि उतरला. त्यातून काहीच सिद्ध झालं नाही. दुसरा एक मलेरियाचा रुग्ण. त्याच्या रक्तात मलेरियाचे जंतू भरपूर होते. रॉस त्याला मच्छरदाणीत झोपवायचा, आत अळ्यांपासून वाढवलेले डास सोडायचा आणि ते रक्त पिऊन टुमटुमीत झाले की पकडून त्यांचं पोट फाडून बघायचा. या बदल्यात दर डासामागे एक आणा.

पैसे देऊन घेतलेली संमती ही कितपत खरी संमती? समोर फौजेचा साहेब, पलंगावर तापाने फणफणलेला माणूस. आज कुठल्याही मेडिकल कॉलेजच्या एथिक्स कमिटीसमोर हा प्रयोग उभाही राहणार नाही. रॉसला राक्षस ठरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्या काळात पैसे देणं, समजावून सांगणं एवढं तरी तो करत होता. पण हे न सांगता त्याचं चरित्र सांगितलं तर ते अर्धंच होईल.

त्या वर्षी काही हाती लागलं नाही. चुकीच्या जातीचे डास तो फाडत होता, हे त्याला ठाऊक नव्हतं. मध्येच सरकारने त्याला कॉलऱ्याच्या कामासाठी बंगळूरला धाडलं. 1897 मध्ये उटीजवळच्या सिगूर घाटात तो डास शोधत हिंडला आणि त्याला स्वतःलाच मलेरिया झाला. त्याच भागात पंखांवर ठिपके असलेले, वेगळ्याच ढबीने बसणारे डास त्याच्या नजरेस पडले. जूनमध्ये तो सिकंदराबादला परतला.

तो उन्हाळा लांबला होता. बेगमपेटच्या इस्पितळातल्या छोट्या अंधाऱ्या खोलीत रॉस सकाळपासून बसायचा. त्या काळचा पंखा म्हणजे छताला टांगलेला, दोरीने ओढायचा. तोही बंद, कारण वाऱ्याने काचपट्टीवरचे डासाचे बारीक अवयव उडून जायचे. डोळ्यांवर चिलटं बसायची. कपाळाचा आणि हातांचा घाम गळून मायक्रोस्कोपचे स्क्रू गंजले होते. आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, एकच उरलं होतं आणि त्यालाही तडा गेला होता. अशा तडकलेल्या भिंगातून तो रोज डासामागून डास, पोटाची एकेक पेशी तपासत होता. एक डास नीट बघायचा तर तासन् तास जायचे. रुग्णांना चावलेले नेहमीचे डास शेकड्यांनी फाडून झाले. आत काही नाही.

ऑगस्टच्या मध्यावर दोन गोष्टी घडल्या. अळ्या गोळा करायला ठेवलेल्या एका नोकराने बाटली भरून आणली, तिच्यातून तपकिरी रंगाचे, ठिपकेदार पंखांचे मोठे डास निघाले. आणि 16 ऑगस्टच्या सकाळी इस्पितळातल्या हिंदी सहायकाने रॉसला भिंतीवर बसलेला एक डास बोटाने दाखवला, शेपूट भिंतीपासून वर उचलून बसलेला. हीच ती ढब! आज शाळेच्या पुस्तकात ॲनॉफिलिस ओळखायची जी खूण असते, ती एका सहायकाने त्या सकाळी भिंतीवर दाखवली होती.

त्याच दिवशी हुसेन खान नावाचा मलेरियाचा रुग्ण मच्छरदाणीत शिरला. बाटलीतले दहा ठिपकेदार डास त्याला चावले. दहा डासांचे दहा आणे त्याला मिळाले.

मग रोज थोडे थोडे डास फाडले जाऊ लागले. काही आपोआप मेले, काहींच्या पोटात काही दिसलं नाही. 20 ऑगस्टला थोडेच उरले होते. रॉस दमलेला होता, डोळे दुखत होते. त्यातला एक डास त्याने घेतला, जठर वेगळं केलं आणि एका टोकापासून सुरुवात केली. जवळजवळ सगळं पाहून झालं तेव्हा जठराच्या भिंतीत त्याला एक गोल, स्पष्ट कडांची पेशी दिसली, सुमारे बारा मायक्रॉनची. आपली तांबडी रक्तपेशी सात-आठ मायक्रॉनची असते, तेव्हा ही तिच्या दीडपट. डासाच्या जठरात अशी पेशी असायला नको. भिंग खालीवर करून त्याने पाहिलं, तर तिच्या आत काळे बारीक कण होते.

हे काळे कण म्हणजेच पुरावा. मलेरियाचा जंतू माणसाच्या तांबड्या पेशीत शिरून तिच्यातलं हिमोग्लोबिन खातो, आणि न पचलेला भाग काळ्या कणांच्या रूपात त्याच्याजवळ साठतो. डासाच्या स्वतःच्या पेशीत असे कण नसतात. म्हणजे ही पेशी डासाची नव्हती; हुसेन खानच्या रक्तातून आलेला जंतू इथे वाढत होता. दुसऱ्या दिवशी शेवटचा डास फाडला. त्याच पेशी, पण आकाराने मोठ्या. जंतू डासाच्या पोटात मरत नाही, वाढतो हे नक्की झालं. त्या दिवसांत रॉसने देवाचे आभार मानणारी एक कविता लिहून बायकोला पाठवली. त्याच्या सगळ्या कवितांत लोकांना आज आठवते ती तेवढीच. 20 ऑगस्ट हा दिवस आता जगभर ‘मॉस्किटो डे’ म्हणून पाळतात.

गोष्ट इथे संपायला हवी होती, पण सरकारी नोकरी ती सरकारी नोकरी! महिनाभरातच त्याची बदली राजपुतान्यात खेरवाड्याला झाली, जिथे कामाला पुरेसे मलेरियाचे रुग्णच नव्हते. मॅन्सनने लंडनहून खटपट केली तेव्हा 1898 च्या सुरुवातीला त्याला कलकत्त्यात प्रयोगशाळा मिळाली. तिथे प्लेगच्या लशीची अफवा पसरल्यामुळे लोक सुईच्या नुसत्या नावाने पळत होते, बोट टोचू द्यायला कोणी तयार होईना. म्हणून रॉस पक्ष्यांच्या मलेरियाकडे वळला. मोहम्मद बक्श नावाचा त्याचा सहायक चिमण्या आणि डास पकडून आणायचा, पिंजरे सांभाळायचा. त्या जुलैत रॉसला दिसलं, की जंतू डासाच्या पोटातून निघून त्याच्या लाळेच्या ग्रंथीत जाऊन बसतो. म्हणजे ताप पाण्यातून येत नाही, हवेतून येत नाही, चाव्यातून येतो. निरोगी पक्ष्यांना असे डास चावू दिले आणि ते आजारी पडले. साखळी पूर्ण झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीत ग्रासी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणसाचा मलेरिया ॲनॉफिलिस डासाच्या चाव्याने होतो हे थेट माणसांवर दाखवून दिलं.

आणि मग भांडण सुरू झालं. श्रेय कोणाचं? रॉस 1899 मध्ये नोकरी सोडून लिव्हरपूलला शिकवायला गेला. 1902 मध्ये त्याला वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, 1911 मध्ये ‘सर’ झाला. पश्चिम आफ्रिका, मॉरिशस इथे जाऊन डासांचा बंदोबस्त कसा करायचा हे त्याने शिकवलं. गणिताची जुनी आवड कामाला आली: सगळे डास मारायची गरज नाही, संख्या ठरावीक मर्यादेखाली आणली तरी साथ ओसरते, हे त्याने समीकरणांनी मांडलं. साथरोगांच्या गणिताचा पाया घालणाऱ्यांत आज त्याचं नाव घेतात. इतकं मिळूनही तो शांत झाला नाही. ग्रासीवरचा राग कधी गेला नाही. ज्याने हात धरून जंतू दाखवला त्या मॅन्सनशीही तो पुढे कोर्टापर्यंत गेला. सरकारने आपल्याला बक्षिसाची रक्कम द्यावी म्हणून अर्ज केले. पहिल्या महायुद्धाच्या पहिल्याच महिन्यात थोरला मुलगा मारला गेला. 1928 मध्ये त्याने आपली सगळी कागदपत्रं जाहिरात देऊन विकली, दोन हजार पौंडांना. 16 सप्टेंबर 1932 रोजी लंडनमध्ये तो वारला.

आपलं नाव कोणी वगळू नये म्हणून जन्मभर झगडलेला हा माणूस. त्याचं आत्मचरित्र 1923 मध्ये आलं, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. बेगमपेटच्या त्या ऑगस्टबद्दल त्यात सगळं आहे: उकाडा, चिलटं, गंजलेले स्क्रू, तडा गेलेलं भिंग. बाटलीतले डास किती ऐटदार होते हेसुद्धा आहे. भिंतीवरचा डास दाखवणाऱ्या सहायकाचाही उल्लेख आहे, पण त्याचं नाव आपण विसरलो याची खंत वाटते असं रॉसने तिथेच नोंदवून ठेवलंय. अळ्या आणणाऱ्या नोकराचंही नाव नाही.

मी तिथे बराच वेळ अडले. सव्वीस वर्षांनी भिंगाचा तडा आठवतो आणि माणसाचं नाव आठवत नाही, हे कसं? मग लक्षात आलं, की भिंगाला रॉस रोज डोळा लावत होता. सहायकाकडे तसं कधी पाहिलंच नसेल. तरीही एक गोष्ट त्याच्या बाजूने म्हणावी लागेल: विसरलो हे त्याने लपवलं नाही. नाव नाही, पण माणूस होता एवढी जागा त्याने मोकळी सोडली. हुसेन खानचं नाव तर त्याच्याच नोंदींमुळे आपल्यापर्यंत आलं. मात्र तो पुढे बरा झाला का, गावी गेला का, दहा आण्यांचं त्याने काय केलं, हे चरित्रांत कुठे सापडत नाही.

जुनी उपकरणं जपायची ती कशासाठी, हा प्रश्न मला हैदराबादहून येताना ट्रेनमध्ये पडला. पितळ आणि काच आपोआप काही बघत नाहीत. दुर्बिणीमागे रात्रभर ताऱ्यांची मोजणी करणारे कारकून असतात, मायक्रोस्कोपमागे डास पकडून आणणारा कोणी असतो. उपकरण जपलं तर निदान त्यांच्याबद्दल विचारायला जागा राहते. काचेच्या पेटीवरच्या पाटीत शोध लावणाऱ्याचं नाव असतंच. तिथे आणखी एक ओळ हवी असं मला वाटतं. नाव ठाऊक नसेल तर निदान ‘नाव ठाऊक नाही’ एवढी तरी. रॉसने तेवढं केलं होतं.

घरी आल्यावर मी माझा एफवायचा रिपोर्ट शोधून काढला. आईने फाईलमध्ये जपून ठेवला होता. वर माझं नाव, डॉक्टरांचं नाव, लॅबचं नाव. खाली तपासणाऱ्याची म्हणून एक बारीक सही, वाचता न येणारी. दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाताना मी लॅबमध्ये डोकावले. त्या ताई मागच्या वर्षीच नोकरी सोडून गेल्या, असं काउंटरवरच्या मुलाने सांगितलं. मी त्यांचं नाव विचारलं, आणि त्याने सांगितल्यावर रिपोर्टवर त्या सहीखाली पेनाने लिहून ठेवलं.